हायड्रोजनचं घोडं वॉशरपाशी पेंड खातं

गॅसचा नवा सिलिंडर घरी आला की आणणारा माणूस पांढऱ्या टोपणाची दोरी ओढतो, टोपण काढतो आणि तोंडाशी थोडं पाणी टाकून बघतो. बुडबुडे आले तर आतली काळी रबरी रिंग उकरून काढतो आणि खिशातली नवी बसवतो. आपण तिला वॉशर म्हणतो, आमच्याकडे अजून 'वायसर'च म्हणतात. चिल्लर किमतीची वस्तू. पण ती चिरलेली असली तर सिलिंडर भरलेला असूनही स्वयंपाक खोळंबतो.

हायड्रोजनबद्दल आपण जे वाचतो ते सगळं मोठ्या आकड्यांत असतं. इतके लाख टन, इतके गिगावॅट, इतके हजार कोटी. ते आकडे खोटे नसतात. पण हा गॅस प्रत्यक्ष वापरायची वेळ येते तेव्हा घोडं पेंड खातं ते अशाच एखाद्या रिंगपाशी, नटापाशी, पातळ पत्र्यापाशी. म्हणून हा लेख हायड्रोजनवरचा असला तरी त्यातली मुख्य पात्रं आहेत सुटे भाग बनवणारी माणसं. बसवर त्यांचं नाव नसतं आणि उद्घाटनाच्या फोटोतही ती नसतात.

आधी दाबाचा अंदाज घेऊ. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो. घरच्या सिलिंडरमध्ये पाच-सात बार. सीएनजी रिक्षाच्या टाकीत २०० बार. हायड्रोजनवर चालणाऱ्या बसच्या टाकीत साधारण ३५० बार आणि मोटारीत ७०० बार. म्हणजे घरच्या सिलिंडरच्या सुमारे शंभर पट. शिवाय आत जो गॅस कोंडलाय त्याचा रेणू जगातल्या सगळ्या रेणूंत छोटा. जिथून इतर बहुतेक गॅस जाणार नाहीत तिथून हा वाट काढतो.

एवढा दाब द्यायचाच कशाला? कारण हायड्रोजन वजनाला हलका आणि जागेला भारी. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२. वजनाच्या हिशेबाने हायड्रोजन पेट्रोलला मागे टाकतो. पण न दाबलेला एक किलो हायड्रोजन सुमारे ११ घनमीटर जागा घेतो. गच्चीवरच्या हजार लिटरच्या ११ टाक्या, आणि आत ऐवज एक किलोचा! एवढं धूड घेऊन गाडी कुठे जाणार? म्हणून दाबायचं. आणि दाबलं की सुट्या भागांची परीक्षा सुरू.

जुनाच गॅस, पण कुंपणाबाहेर

हायड्रोजन आपल्याला अनोळखी नाही. ज्यांच्या घरी डालड्याचा डबा होता त्यांनी त्याचं काम चाखलेलं आहे. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते थिजून वनस्पती तूप होतं. शिवडीच्या कारखान्यात १९३०च्या दशकापासून हे चाललं. अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया आणि पुढे युरिया होतो. पंजाबात नंगलला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच भाक्राच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन बनवत होते आणि त्यातून खत. आज ज्याला 'हरित हायड्रोजन' म्हणतो ते हेच, तेव्हा फक्त कोणी त्याला रंग दिला नव्हता.

जगात २०२३ साली सुमारे ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजन वापरला गेला. त्यात कमी प्रदूषण करून बनवलेला एक टक्कासुद्धा नव्हता. बाकी सगळा मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून. एवढा गॅस माणूस रोज हाताळतोय, मग सुट्या भागांचं एवढं काय मोठं?

फरक कुंपणाचा आहे. आजवर हायड्रोजन जिथे बने तिथेच बहुतेक संपे. रिफायनरीत किंवा खत कारखान्यात, रात्रंदिवस एकसारख्या दाबाने, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली. आता त्याला कुंपणाबाहेर यायचं आहे. तो सूर्य आणि वाऱ्याच्या विजेवर बनणार, म्हणजे सकाळी चालू, संध्याकाळी बंद, मध्येच ढग आले की अर्ध्यावर. तो टाकीत भरला जाणार आणि रिकामा होणार, हजारो वेळा. तो ज्या बसमध्ये असेल ती खड्ड्यांतून जाणार. एकसारख्या दाबात पन्नास वर्षं टिकणारा व्हॉल्व्ह या चढउतारात पाच वर्षं टिकेल याची खात्री नाही. कारखान्यांना नव्याने डोकं चालवावं लागतंय ते यासाठी.

थप्पी

पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. शाळेत दोन पेन्सिलींची टोकं पाण्यात बुडवून बॅटरी लावली होती आणि बुडबुडे आले होते, तत्त्व तेच. १८०० साली इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी ते पहिल्यांदा केलं. एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन. दोन्ही गॅस एकत्र येऊ नयेत म्हणून मध्ये एक पातळ पडदा.

प्रत्यक्ष यंत्रात अशी एक जोडी नसते. शेकडो जोड्या एकावर एक रचून, दोन जाड पोलादी पाट लावून, लांब बोल्टांनी आवळून टाकतात. पापडांची थप्पी लावावी तसं. इंग्रजी शब्द स्टॅक, आणि कारखान्यात तोच चालतो. दर दोन पापडांमध्ये गॅस्केट. शंभरातलं एक गॅस्केट गळलं तर अख्खी थप्पी उकलावी लागते.

या थप्पीत सगळ्यात नाजूक असतो तो पडदा. ढग आल्यावर काय होतं ते पाहा. पडद्यातून थोडा हायड्रोजन नेहमीच पलीकडे ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो. वीज पूर्ण असते तेव्हा पलीकडे भरपूर ऑक्सिजन तयार होत असतो, त्यात हा झिरपलेला हायड्रोजन नगण्य. ढग आले, वीज कमी झाली, ऑक्सिजन कमी बनू लागला. पण झिरपणं तेवढंच राहिलं. आता प्रमाण वाढतं. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांच्या वर गेला की पेट घेऊ शकतो, म्हणून यंत्र त्याच्या बरंच आधी स्वतःला बंद करून घेतं. म्हणजे ढगाळ दिवशी यंत्र किती वेळ चालेल हे ठरवतो तो पडदा. तो जाड केला तर झिरपणं कमी, पण वीज जास्त खातो. पातळ केला तर वीज वाचते आणि झिरपणं वाढतं. पडदे बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या वर्षानुवर्षं या दोन टोकांमधली जागा शोधतायत. बाकी जग गिगावॅट मोजत असतं.

एका किलो हायड्रोजनला आज ५० ते ५५ युनिट वीज लागते. निसर्गनियमाप्रमाणे कमीत कमी ३९ लागायलाच हव्यात. मधली जी दहा-पंधरा युनिटं उष्णतेत आणि इतर वाटांनी जातात, ती कमी करायची म्हणजे पडदा, इलेक्ट्रोड, संपर्काच्या जाळ्या आणि वीज एसीची डीसी करणारा रेक्टिफायर या सगळ्यांनी थोडं थोडं सुधारायचं. एकाच कुणाच्या हातात ते नाही.

पीईएम नावाच्या प्रकारात तर वेगळीच अडचण. त्यातल्या आम्लात टिकणारा धातू म्हणजे इरिडियम, आणि तो जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतो, बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींतला जोडमाल म्हणून. मागणी वाढली म्हणून खाण वाढत नाही. तेव्हा हायड्रोजन वाढवायचा तर एका पडद्यावर लागणारा इरिडियमचा थर पातळ करणं एवढाच मार्ग उरतो.

हीच थप्पी उलटी चालवली की फ्युएल सेल. हायड्रोजन आणि हवा द्या, वीज आणि पाणी घ्या. एका पेशीतून चालू स्थितीत ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात, म्हणून टोयोटाच्या दुसऱ्या पिढीतल्या मिराई गाडीत ३३० पेशींची थप्पी आहे. दोन पेशींमधली प्लेट म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा पत्रा, त्यावर दाबून उठवलेल्या बारीक पन्हळी. एका बाजूने हायड्रोजन वाहतो, दुसऱ्या बाजूने हवा आणि मधून थंड करणारं पाणी.

हे काम कोण करतं ते मला सगळ्यात गमतीचं वाटतं. जर्मनीची एल्रिंगक्लिंगर ही कंपनी गाडीच्या इंजिनाचं हेड गॅस्केट बनवण्यासाठी प्रसिद्ध. गॅस्केट म्हणजे तरी काय? पातळ पत्रा, त्यावर उठवलेल्या कडा, दोन धातूंच्या मध्ये दाबून तेल, पाणी आणि धूर एकमेकांत मिसळू न देणं. फ्युएल सेलची प्लेट म्हणजे तेच काम, फक्त पाहुणे बदलले. त्या कंपनीने प्लेट आणि थप्प्या बनवायला सुरुवात केली. डिझेल इंजिन जाणार म्हणून ज्यांच्या पोटात गोळा यायला हवा होता, त्यांच्याकडेच नव्या गाडीची गुरुकिल्ली निघाली. चाकणच्या प्रेस शॉपवाल्यांनी यात लक्ष घालण्यासारखं आहे.

पोलादाला वाळवी

हायड्रोजन फक्त फटीतून निसटत नाही, धातूच्या आतही शिरतो. रेणूची फोड होऊन सुटा अणू पोलादात घुसतो, जिथे ताण असेल तिथे जमतो आणि एरवी वाकणारं पोलाद काचेसारखं तडकतं. वरून काही दिसत नाही. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं.

हे कोडं जुनं आहे. १८७५ साली विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं, की लोखंडी तार काही मिनिटं आम्लात बुडवली की ती ठिसूळ होते, काही काळ तशीच ठेवली की पुन्हा लवचीक होते, आणि तुटलेलं टोक ओलं केलं तर त्यातून बुडबुडे येतात. धातूतून बाहेर पडणारा हायड्रोजन तो!

भोसरीतल्या कुठल्याही प्लेटिंगवाल्याला विचारा, त्याला हे माहीत असतं. जास्त ताकदीच्या बोल्टांवर झिंक चढवलं की ते लगेच भट्टीत टाकून सुमारे २०० अंशांवर काही तास भाजावे लागतात. त्याला 'बेकिंग' म्हणतात. प्लेटिंग करताना शिरलेला हायड्रोजन निघून जावा म्हणून. ते टाळलं तर बोल्ट आवळून ठेवल्यावर एखाद्या रात्री आपोआप डोकं उडवतो. म्हणजे हायड्रोजनचा पहिला धडा आपल्या औद्योगिक वसाहतींत कधीच गिरवून झालाय, फक्त त्याला ऊर्जाक्रांती म्हणत नव्हते.

बोल्टात शिरलेला हायड्रोजन भट्टीत घालवता येतो. पण ज्या पाइपात आयुष्यभर हायड्रोजनच वाहणार आहे त्याला किती वेळा भाजणार? तिथे धातूच बदलावा लागतो. साधारणपणे ३१६ एल जातीचं स्टेनलेस वापरतात. या जातीत निकेल १० टक्के असलं तरी प्रमाणात बसतं, पण निकेल जास्त तर हायड्रोजनपुढे टिकाव चांगला, म्हणून काही उत्पादक किमान १२ टक्क्यांचा आग्रह धरतात. दोन टक्क्यांचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, हातात धरून कळत नाही. कळतो तो फक्त कागदावर. म्हणून प्रत्येक नळीवर आणि फिटिंगवर हीट नंबर कोरलेला असतो. पोलाद कुठल्या भट्टीतून कधी ओतलं, त्यात काय किती होतं, हे त्या नंबरावरून वर्षांनंतरही शोधता आलं पाहिजे. सुट्या भागांच्या किमतीत या कागदाचाही वाटा असतो आणि 'तसलाच माल अर्ध्या भावात' देणाऱ्याकडे नेमका तोच नसतो.

रबराची परीक्षा

धातू सांभाळला तरी सीलचं रबर राहतं. जास्त दाबाखाली हायड्रोजन रबरात मुरतो, सोड्याच्या बाटलीत गॅस मुरतो तसा. दाब हळू उतरवला तर तो हळूहळू बाहेर येतो. एकदम उतरवला तर रबराच्या आतच फुगे येतात आणि रिंगेला फोड येऊन ती चिरते. शिवाय थंडी. गार पडलं की रबर कडक होतं, फटीत मागेपुढे सरकायचं विसरतं. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह कोसळलं. ते हायड्रोजनच्या टाकीच्या सीलमुळे नव्हे, बाजूच्या घन इंधनाच्या रॉकेटच्या सीलमुळे. पण रबर गारठलं की काय होतं याचं ते सगळ्यात भयंकर उदाहरण. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी पुढे चौकशीच्या वेळी रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून ते सगळ्यांसमोर दाखवलं.

हायड्रोजनचा थेट दाखला २०२२चा. नासाचं आर्टेमिस-१ चंद्राकडे निघायचं होतं. ३ सप्टेंबरला इंधन भरताना आठ इंची जोडापाशी द्रवरूप हायड्रोजन गळू लागला, उड्डाण रद्द झालं. नंतर सील काढून पाहिलं तर त्यावर एक खळगा सापडला, खोली सुमारे पाव मिलिमीटर! यान उडालं ते १६ नोव्हेंबरला. चंद्रावर जायची ताकद असलेल्या रॉकेटला नखाच्या ओरखड्याएवढ्या खळग्याने अडवलं होतं.

सव्वा फेरा

दोन नळ्या जोडायच्या तर आपला प्लंबर आटे पाडतो आणि पांढरी टेप गुंडाळतो. हायड्रोजनच्या दाबाला हे चालत नाही. तिथे फेरूलवाली फिटिंग वापरतात. नळीवर धातूच्या दोन कड्या चढवायच्या, नट हाताने लावायचा आणि मग पान्याने ठरावीक फिरवायचा. कड्या नळीला चिमटतात आणि धातूवर धातू बसून गळती थांबते. अमेरिकेत क्लीव्हलँडला १९४७ साली सुरू झालेल्या स्वेजलॉक कंपनीने हा प्रकार इतका रुळवला, की आपल्याकडचे फिटरही कुणाचीही असो, तिला 'स्वेजलॉक'च म्हणतात. नेहमीच्या मापांना नियम असा, की हाताने घट्ट झाल्यावर पान्याने सव्वा फेरा. एक नाही, दीड नाही, सव्वा.

हा सव्वा फेरा म्हणजे हायड्रोजनच्या सगळ्या स्वप्नाचा पाया आहे असं मला वाटतं, आणि ते का, हे नॉर्वेत दिसलं. ऑस्लोजवळ सँडविका इथे हायड्रोजनचा पंप होता. १० जून २०१९ला तिथे मोठा स्फोट झाला. धक्क्याने जवळून जाणाऱ्या गाडीच्या एअरबॅग उघडल्या, दोघांना उपचार घ्यावे लागले. चौकशीत काय निघालं? उच्च दाबाच्या एका टाकीच्या बुचाचे आतले बोल्ट बसवताना पुरेसे आवळले नव्हते. आधी आतल्या सीलपाशी बारीक गळती, मग गळती वाढली, मग बाहेरची सीलही हरली आणि गॅसचा ढग पेटला. टाकी फुटली नव्हती, धातू तडकला नव्हता, रचनाही चुकीची नव्हती. फक्त पाना पुरता फिरला नव्हता. त्यानंतर इतर ठिकाणचेही पंप तपासणीसाठी बंद ठेवले गेले आणि नॉर्वेत हायड्रोजनच्या गाड्यांची विक्री काही काळ थांबली. चार-दोन बोल्टांनी देशभराचं काम थांबवलं.

म्हणून चांगला उत्पादक नुसता नट विकत नाही, तो आवळायचा कसा हेही शिकवतो. किती टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, दिला त्याची नोंद ठेवायला लावतो. आवळून झाल्यावर नट आणि बॉडीवर मिळून एक रंगाची रेघ ओढायची, पुढे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. फेरा पुरा झाला की नाही हे तपासायला छोटा गेज देतो. पण सगळ्यात शहाणपणाचा उपाय म्हणजे जोडच कमी करणं. जोड नाही तर गळती नाही. म्हणून पूर्वी जिथे व्हॉल्व्ह, फिल्टर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, सेफ्टी व्हॉल्व्ह असे चार नग नळ्यांनी जोडत, तिथे आता एकाच धातूच्या ठोकळ्यात चारही बसवून देतात. आणि मोठ्या कामात साइटवर फिटर पाठवण्याऐवजी आख्खी चौकट कारखान्यात जोडून, तपासून, ट्रकवर चढवून पाठवतात. पावसात, चिखलात, संध्याकाळी सहाला घाईत आवळलेला नट आणि कारखान्यात दिव्याखाली आवळलेला नट यांत फरक असतोच.

टाकी आणि पंप

गाडीतली ७०० बारची टाकी बाहेरून काळी दिसते. आत प्लास्टिकचं भांडं असतं, ते गॅस अडवतं. दाब पेलतो तो बाहेरचा कार्बन फायबर, भोवऱ्याला दोरी गुंडाळावी तसा आडवा-तिरपा गुंडाळलेला. टाकीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा या धाग्याचा. टाकीच्या तोंडाशी एक गुंतागुंतीचा व्हॉल्व्ह असतो. त्यात विजेवर उघडझाप करणारा भाग आणि तापमान मोजणारा सेन्सर असतो. आगीत टाकी सापडली तर सुमारे ११० अंशांना वितळून किंवा फुटून गॅस सोडून देणारी एक कळही असते. टाकी फुटण्यापेक्षा गॅस वर निघून गेलेला बरा. हायड्रोजन हलका असल्यामुळे झपाट्याने वर जातो, ही त्याची एक जमेची बाजू.

पंपावर दुसरीच गंमत. घाईने गॅस भरला की टाकी आतून तापते. ८५ अंशांच्या वर ती जाऊ द्यायची नाही. मग तीन ते पाच मिनिटांत भरायचं कसं? गॅसच आधी उणे ४० अंशांपर्यंत थंड करून सोडायचा. त्यामुळे पंपाचा व्हॉल्व्ह, होज, नोझल या सगळ्यांना एकाच वेळी ७०० बारच्या वरचा दाब आणि कडाक्याची थंडी. हवेतल्या दमटपणाने नोझल गाडीला चिकटून बसतं, मग त्याभोवती कोरडा नायट्रोजन फिरवायचा. कुणी नोझल तसंच लावून गाडी पुढे काढली तर होज फाटू नये म्हणून मध्ये एक मुद्दाम कमकुवत ठेवलेला जोड असतो, तो सुटतो आणि दोन्ही तोंडं आपोआप बंद होतात.

आपल्या एलपीजीला वास असतो, तो मुद्दाम मिसळलेला. त्यात गंधक असतं. फ्युएल सेलला गंधक म्हणजे विष, तिथल्या गॅसमध्ये ते अब्जात चार भागांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे गाडीच्या हायड्रोजनला वास देता येत नाही. त्याची ज्योतही उजेडात जवळजवळ दिसत नाही. रॉकेटच्या तळांवर जुने कामगार केरसुणी पुढे धरून चालत, ती पेटली की तिथे ज्वाला आहे हे कळे. आता ते काम अतिनील प्रकाश ओळखणारे डिटेक्टर आणि गॅस सेन्सर करतात. पण सेन्सर मंदावतात, म्हणून ते वेळोवेळी तपासणं हा वेगळाच धंदा उभा राहिलाय.

ऑर्डर कुठे आहे?

आता नाजूक प्रश्न. सुट्या भागांचा कारखाना साचे, प्रेस, चाचण्या आणि सर्टिफिकेट यांवर आधी पैसे घालतो. वर्षाला लाखभर नग गेले तर ते वसूल होतात, पाचशे गेले तर प्रत्येक नग सोन्याचा पडतो. नग महाग म्हणून बस महाग, बस महाग म्हणून ऑर्डर नाहीत, ऑर्डर नाहीत म्हणून नग महाग. अमेरिकेतल्या निकोला या हायड्रोजन ट्रक कंपनीने फेब्रुवारी २०२५मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. जुलै २०२५मध्ये स्टेलँटिस या मोटार कंपनीने हायड्रोजन गाड्यांचा कार्यक्रम बंद केला. अशा बातम्यांनी सगळ्यात आधी झोप उडते ती व्हेंडरची, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्याची.

एक हिशेब मांडूनच बघू. एक किलो हायड्रोजन बनवायला ५५ युनिट, तो दाबायला आणि थंड करायला अजून पाच धरा. झाले ६०. त्यात ३३ युनिट ऊर्जा. फ्युएल सेल तिच्या निम्म्याहून थोडी जास्त वीज करून देतो, म्हणजे चाकांपर्यंत १७-१८ युनिट. तीच ६० युनिट बॅटरीत भरली तर बहुतेक चाकांपर्यंत पोचतात. सुटे भाग कितीही चांगले केले तरी ही दरी बुजणारी नाही, आणि माझ्या मते छोट्या गाड्यांपुरता हा सामना संपल्यात जमा आहे. खत, रिफायनरी, पोलाद यांचं मात्र तसं नाही. तिथे हायड्रोजन हा इंधन म्हणून नव्हे तर कच्चा माल म्हणून लागतो. त्याला बॅटरीचा पर्याय नाही. स्वीडनमध्ये लुलेओला २०२०मध्ये हायड्रोजनने लोखंड बनवायचा प्रयोग सुरू झाला. अशा ठिकाणी ७०० बारही लागत नाही, पण मोठ्या मापाचे आणि वर्षानुवर्षं न उघडता चालणारे व्हॉल्व्ह लागतात. कुठला घोडा धरायचा हे उत्पादकाने इथे ठरवायचं असतं. सावध लोक असा व्हॉल्व्ह बनवतात जो आज सीएनजीला विकता येईल आणि उद्या थोडा बदलून हायड्रोजनला.

भारताने जानेवारी २०२३मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, १९,७४४ कोटी रुपयांची. २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. त्यातले ४,४४० कोटी इलेक्ट्रोलायझर देशात बनवण्याच्या प्रोत्साहनाला. महाराष्ट्राने त्याच वर्षी स्वतःचं धोरण आणलं, ८,५६२ कोटींचं. मार्च २०२४मध्ये एल अँड टीने हझीरा इथे देशात बनवलेला एक मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर चालू केला, तंत्रज्ञान फ्रान्सच्या मॅकफी कंपनीचं. पुण्याच्या थरमॅक्सने २०२४मध्ये ब्रिटनच्या सेरेस कंपनीशी करार केला, जास्त तापमानावर वाफेपासून हायड्रोजन काढणाऱ्या प्रकारासाठी. ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून देशी फ्युएल सेलवरची बस रस्त्यावर आणली.

पण थप्पी देशात रचली म्हणजे आतला पापडही देशी असं होत नाही. पडदे, कार्बन फायबर, इरिडियम यांतलं बरंचसं बाहेरून येतं. सरकारी योजनांत थप्पीला जेवढा मान आहे तेवढा फिटिंग, सील, सेन्सर यांना नाही. माझं गाऱ्हाणं असेल तर ते हेच.

आपल्या भागाकडे एक गोष्ट मात्र जमेची आहे. गॅस सिलिंडरना देशभरात मान्यता देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे आणि वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय पुण्यात. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करून घ्यायची सवय आपल्या रिक्षावाल्यांनाही आहे. छोट्या कारखान्याला या क्षेत्रात शिरायचं तर पहिल्याच दिवशी थप्पी बनवायची गरज नाही. नळ्या तेलकटपणा न ठेवता धुऊन देणं, नळीभोवती आपोआप फिरून होणारं ऑर्बिटल वेल्डिंग आणि गळतीची चाचणी ही दारं आधी उघडतात.

गळतीची चाचणी साबणाच्या पाण्याने इथे भागत नाही. बारीक गळती पकडायला हेलियम भरतात, कारण तोही छोटा आणि पेट न घेणारा. पण हेलियम महाग. म्हणून बरेच जण ९५ टक्के नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजन मिसळतात. एवढ्या पातळ मिश्रणाला आग लागत नाही आणि सेन्सर त्यातला हायड्रोजन लगेच हुंगतो. फ्रीज आणि एसीच्या नळ्या तपासायला हीच पद्धत अनेक ठिकाणी चालते.